मुळांवरच्या गाठी आणि जनुकांचे उत्तर

सोलापूर जिल्ह्यातल्या डाळिंब बागेत सुकू लागलेले झाड उपटून पाहिले, की मुळांवर अनेकदा बारीक-मोठ्या गाठी दिसतात. कुंकवासाठी महाराष्ट्रभर नाव असलेल्या केमपासून माढा, पंढरपूर, सांगोल्यापर्यंतच्या बागायतदाराला या गाठी नव्या नाहीत. गाठ अलगद फोडून भिंगाखाली धरली तर आत अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फुगीर, पांढरी मादी सापडते. मुळाच्या पृष्ठभागावर चिकट आवरणात तिने घातलेली शेकडो अंडी असतात. ही मूळगाठ सूत्रकृमी, शास्त्रीय नाव मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटा. तिने मुळाला केलेल्या इजेतून सेराटोसिस्टिस या बुरशीला वाट मिळते आणि मर रोग बळावतो.

हा कृमी ज्या जमिनीत राहतो ती राहायला सोपी नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. बहार धरण्यासाठी बागेला ताण दिला जातो, तेव्हा कित्येक आठवडे पाणी बंद असते. मातीतल्या बुरश्या आणि जिवाणू कृमीला खाऊन जगतात आणि वरून औषधांची आळवणी होते. तरीही पुढच्या बहाराला गाठी पुन्हा हजर होतात. कृमीच्या पेशींमध्ये अशा वेळी नेमके काय घडते, कोणती जनुके जागी होतात, कोणती गप्प बसतात, आणि त्या माहितीचा बागेला काय उपयोग, हा प्रश्न म्हणूनच इथला आहे. त्यावर गेल्या तीन दशकांत जे काम झाले ते मात्र बहुतांशी दुसऱ्याच एका कृमीवर झाले. हे काम कुठवर आले आहे आणि कशावर अजून वाद आहे, ते या आढाव्यात पाहायचे आहे.

पार्श्वभूमी: प्रयोगशाळेतला कृमी

तो दुसरा कृमी म्हणजे सिनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. लांबी सुमारे १ मिलिमीटर, अंग काचेसारखे पारदर्शक, अन्न जिवाणू. तो कोणत्याही पिकाला किंवा माणसाला त्रास देत नाही. १९६०च्या दशकात सिडनी ब्रेनर यांनी केंब्रिजमध्ये त्याची निवड केली आणि १९७४मध्ये त्याच्या आनुवंशिकीवरचा पायाभूत निबंध प्रसिद्ध केला. उभयलिंगी प्रौढात ९५९ कायिक पेशी असतात आणि त्यातल्या ३०२ चेतापेशी. अंड्यापासून अंड्यापर्यंतचा प्रवास तीन-चार दिवसांत संपतो. १९९८मध्ये त्याचा जीनोम वाचून झाला. बहुपेशीय प्राण्याचा संपूर्ण जीनोम वाचला जाण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यात प्रथिने घडवणारी सुमारे २० हजार जनुके आहेत.

प्रत्येक पेशीत ही सगळी जनुके असतात, पण एका वेळी त्यांतली काहीच कामाला लागलेली असतात. जनुकाची आरएनए प्रत निघते आणि तिच्यावरून प्रथिन बनते. कोणत्या जनुकाच्या किती प्रती निघतात, यालाच जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. ती मोजण्याची साधने याच कृमीने दिली किंवा घडवली. मार्टिन चॅल्फी यांनी १९९४मध्ये हिरवे चमकणारे प्रथिन या कृमीच्या जनुकाला जोडून दाखवले. तेव्हापासून जनुक चालू झाले की पेशी जिवंतपणीच हिरवी दिसू लागली. १९९८मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी दुपदरी आरएनएने हवे ते जनुक गप्प करता येते हे दाखवले. १९९३मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी याच कृमीत सूक्ष्म आरएनएचा पहिला नमुना शोधला. २००२, २००६, २००८ आणि २०२४ अशा चार वेळा या कृमीवरच्या कामाचा नोबेल पारितोषिकाने गौरव झाला. भारतातही बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेपासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपर्यंत अनेक प्रयोगशाळांत तो पाळला जातो.

ताण पडला की काय होते

सगळ्यांत नीट समजलेला प्रतिसाद उष्णतेचा आहे. हा कृमी प्रयोगशाळेत साधारण २० अंश सेल्सियसला वाढवतात. त्याला तासभर ३३ ते ३५ अंशांत ठेवले की एचएसएफ-१ हा नियंत्रक उष्माघात प्रथिनांची जनुके चालू करतो. उष्णतेने विस्कटलेली प्रथिने सावरणे हे या प्रथिनांचे काम. २००८मध्ये वीणा प्रल्हाद आणि रिचर्ड मोरिमोटो यांच्या गटाने या चित्रात एक महत्त्वाची भर घातली. तापमान ओळखणाऱ्या दोन चेतापेशी निकामी केल्या, तर अंगातल्या इतर पेशींचाही उष्णतेला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. प्रत्येक पेशी स्वतंत्रपणे उष्णता ओळखते ही समजूत तिथे ढळली.

दुसरा मोठा नियंत्रक डीएएफ-१६. सिंथिया केनियन यांच्या गटाने १९९३मध्ये दाखवले की डीएएफ-२ या इन्शुलिनसदृश मार्गातल्या जनुकात बिघाड झालेले कृमी दुप्पट जगतात, आणि त्यासाठी डीएएफ-१६ शाबूत असावा लागतो. उपासमार, गर्दी आणि उष्णता एकत्र आली की कृमीची अळी 'डॉअर' नावाच्या अवस्थेत जाते. तोंड बंद, कातडी जाड, हालचाल मोजकी. अशी अळी महिनोन्महिने न खाता तग धरते. या अवस्थेत जाणे म्हणजे हजारो जनुकांच्या अभिव्यक्तीत एकदम फेरबदल.

तिसरा नियंत्रक एसकेएन-१. ऑक्सिजनपासून तयार होणारी घातक संयुगे किंवा विषारी रसायने पेशीत वाढली की तो निर्विषीकरण करणारी जनुके चालू करतो. पेशीतल्या प्रथिन-कारखान्यावर आणि मायटोकाँड्रियावर पडणाऱ्या ताणासाठी आणखी वेगळे मार्ग आहेत.

संसर्ग झाला की काय होते

संसर्गाचा अभ्यास उशिरा सुरू झाला. १९९९मध्ये फ्रेड ऑसुबेल यांच्या प्रयोगशाळेतल्या मान-वाह टॅन आणि शलिना महाजन-मिक्लोस यांनी दाखवले, की माणसात रोग घडवणारा स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू खायला दिला तर कृमी काही दिवसांत मरतो. कृमीकडे प्रतिपिंडे नाहीत आणि फिरत्या रोगप्रतिकारक पेशीही नाहीत. इतर प्राण्यांच्या प्रतिकारशक्तीत मध्यवर्ती असलेला एनएफ-कप्पा-बी हा नियंत्रकही त्याने गमावला आहे. मग तो लढतो कशाने?

२००२मध्ये डेनिस किम आणि सहकाऱ्यांनी त्याचे उत्तर दिले. पीएमके-१ नावाच्या प्रथिनापर्यंत पोचणारी संदेशांची साखळी तुटली, की कृमी जिवाणूपुढे फार लवकर हार मानतो. माणसातही याच कुळातली साखळी आहे. २००६मध्ये एमिली ट्रोमेल आणि सहकाऱ्यांनी संसर्गानंतर चालू होणाऱ्या जनुकांची यादी केली. लेक्टिन वर्गातली आणि जिवाणूनाशक असावीत अशी बरीच प्रथिने तीत होती, आणि त्यातल्या अनेकांवर पीएमके-१चे नियंत्रण होते. बुरशी कातडीतून शिरते तेव्हा एनएलपी-२९सारखी बुरशीविरोधी पेप्टाइडे वाढतात. आतड्याच्या पेशीत शिरणारा मायक्रोस्पोरिडियन परजीवी २००८मध्ये, आणि फ्रान्समधल्या ऑर्से गावाच्या नावाने ओळखला जाणारा विषाणू २०११मध्ये सापडला. दोघांची जैविक कुळे पूर्ण वेगळी, तरी त्यांना कृमी देत असलेला जनुकीय प्रतिसाद बराचसा सारखाच निघाला.

पहिला वाद: एक यंत्रणा की दोन?

इथून मतभेदाला सुरुवात होते. एक बाजू म्हणते, की संसर्गासाठी कृमीकडे स्वतंत्र यंत्रणा आहे. ट्रोमेल यांच्या २००६च्या निबंधात पीएमके-१च्या ताब्यातली जनुके संसर्गाने चालू होत होती. डीएएफ-१६च्या ताब्यातला संच बव्हंशी वेगळा होता आणि संसर्गाने तसा चालू होत नव्हता. वेगवेगळ्या रोगकारकांना कृमी वेगवेगळा प्रतिसाद देतो, हाही या बाजूचा आधार.

दुसरी बाजू म्हणते, की कृमी बहुतेक वेळा शत्रूला ओळखत नाही, स्वतःच्या आतले बिघडलेले काम ओळखतो. चोर दिसला नाही तरी विहिरीवरच्या मोटरचा आवाज बदलला की शेतकऱ्याला काहीतरी घडल्याचे कळते, तसे. २०१२मध्ये या मताला मोठे बळ मिळाले. स्यूडोमोनासचे एक विष पेशीतले प्रथिन बनवण्याचे काम थांबवते आणि त्या थांबण्यावरूनच कृमी संरक्षक जनुके चालू करतो, असे दोन गटांनी दाखवले. त्याच वर्षी जस्टीन मेलो आणि रुव्हकुन यांनी दाखवले, की रोगकारक आसपास नसतानाही पेशीची मूलभूत कामे आरएनएने बंद पाडली, तर कृमी अन्नापासून पळतो आणि त्याची संरक्षक जनुके जागी होतात.

दोन्ही यंत्रणांचे धागे एकमेकांत गुंतलेले असल्याचे पुरावेही साठत गेले. वर्षा सिंग आणि अलेहांद्रो अबालाय यांनी २००६मध्ये दाखवले, की उष्णतेचा नियंत्रक एचएसएफ-१ जिवाणूंविरुद्धच्या प्रतिकारालाही लागतो. २०१०मध्ये किम यांच्या गटाला उलट दिशेचे नाते सापडले. लढण्यासाठी इतकी प्रथिने एकदम बनवावी लागतात, की लढाईचाच पेशीवर ताण येतो आणि तो सोसण्याची यंत्रणा नसेल तर अळी मरते. कृमी संसर्गाच्या वेळी स्वतःच घातक ऑक्सिजन संयुगे सोडतो, आणि त्यामुळे एसकेएन-१ जागा होतो. विषाणू व मायक्रोस्पोरिडियनविरुद्धचा प्रतिसाद दीर्घ उष्णतेनेही काही प्रमाणात चालू होतो. तो कायम चालू असलेले उत्परिवर्तित कृमी उष्णता जास्त सोसतात, पण हळू वाढतात, कमी जगतात आणि स्यूडोमोनासपुढे लवकर पडतात. एका संरक्षणाची किंमत दुसऱ्या ठिकाणी मोजावी लागते.

शत्रूला थेट ओळखण्याची कल्पना काही वर्षे मागे पडली होती. २०२३मध्ये रीड पुकिला-वर्ली यांच्या गटाने ती परत आणली. स्यूडोमोनास तयार करत असलेले एक फेनाझिन वर्गातले रसायन कृमीच्या एनएचआर-८६ या ग्राहक प्रथिनाला थेट चिकटते आणि संरक्षक जनुके चालू होतात, असे त्यांनी दाखवले. आज बहुतेक अभ्यासक दोन्ही मार्ग अस्तित्वात असल्याचे मानतात. कोणत्या रोगकारकासमोर कोणत्या मार्गाचा वाटा किती, हे मात्र ठरलेले नाही.

दुसरा वाद: वागणे की प्रतिकार?

मोजणीतला एक जुना पेच या वादात स्पष्ट होतो. २००८मध्ये अबालाय यांच्या गटाने सांगितले, की एनपीआर-१ हा चेतापेशीतला ग्राहक कृमीची प्रतिकारशक्ती नियंत्रित करतो. २००९मध्ये किम यांच्या गटाने वेगळा अर्थ लावला. त्यांच्या मते या ग्राहकात बिघाड असलेले कृमी ऑक्सिजनच्या पातळीनुसार जिवाणूंच्या थराच्या कडेला जमतात, तिथे त्यांच्या तोंडी जास्त जिवाणू लागतात, म्हणून ते लवकर मरतात. प्रतिकारशक्ती तीच, राहण्याची जागा वेगळी. चेतासंस्था प्रतिकाराची जनुके खरोखरच नियंत्रित करते याचे इतर पुरावे पुढे आले, त्यामुळे पहिल्या गटाची मूळ कल्पना टिकली. दुसऱ्या गटाने दिलेला इशाराही टिकला. जिवाणूंपासून पळालेला कृमी उपाशी राहतो आणि उपासमारीनेही शेकडो जनुके बदलतात. संसर्गाचा परिणाम कोणता आणि उपवासाचा कोणता, हे वेगळे काढले नाही तर यादी फसवी ठरते. शिवाय बहुतेक मोजण्या अख्ख्या कृमीच्या होतात. आतड्यातला मोठा बदल दिसतो, एखाद्या चेतापेशीतला बारीक बदल सरासरीत बुडतो. एकेका पेशीचा आरएनए वाचण्याची पद्धत आल्यापासून ही उणीव भरून निघू लागली आहे.

तिसरा वाद: पुढच्या पिढीला वारसा जातो का?

सध्या सर्वांत तापलेला वाद हा आहे. कोलीन मर्फी यांच्या प्रयोगशाळेने २०१९मध्ये सांगितले, की स्यूडोमोनासचा अनुभव घेतलेल्या कृमीची पुढच्या चार पिढ्या त्या जिवाणूपासून दूर राहतात, त्यांनी तो कधी पाहिला नसला तरी. २०२०मध्ये त्यांनी कारणही मांडले. जिवाणूचा पी-११ नावाचा छोटा आरएनए कृमीच्या अंगात शिरतो आणि त्याच्या एका जनुकाची अभिव्यक्ती खाली आणतो. यात पिवी-आरएनए नावाच्या सूक्ष्म आरएनएच्या यंत्रणेचाही हात आहे.

क्रेग हंटर यांच्या गटाने हे प्रयोग पुन्हा करून पाहिले आणि २०२५मध्ये लिहिले, की पहिल्या पिढीपलीकडे परिणाम भरवशाने दिसत नाही. त्याच वर्षी आंद्रेस व्हिडाल-गादेया यांच्या गटाने स्वतंत्रपणे केलेल्या प्रयोगांत परिणाम दुसऱ्या पिढीपर्यंत दिसल्याचे नोंदवले. मर्फी यांच्या बाजूचे म्हणणे, की जिवाणू कोणत्या तापमानाला वाढवला आणि मोजणीच्या वेळी कृमींना कसे थांबवले, अशा तपशिलांवर निकाल अवलंबून असतो. हंटर यांच्या बाजूचे म्हणणे, की निसर्गात उपयोगी पडणारा परिणाम इतका नाजूक असू नये. दोन्ही मुद्द्यांत वजन आहे.

या वादामुळे वारशाचा सगळाच विषय संशयास्पद ठरत नाही. आईबापांच्या संसर्गाचा परिणाम थेट पिल्लांवर होतो, याचे पुरावे बऱ्याच प्रयोगशाळांनी दिले आहेत. उपासमारीनंतर सूक्ष्म आरएनए काही पिढ्या टिकतात, हे ओडेड रेखावी यांच्या गटाने २०१४मध्ये दाखवले. मुख्य अडचण नैसर्गिक परिस्थितीत आहे. तिथे पिढीगणिक तापमान आणि अन्न बदलते, तेव्हा असा वारसा फायद्याचा ठरतो की ओझे होतो, याचा अभ्यास थोडा झाला आहे.

प्रयोगशाळेतून डाळिंबाच्या मुळापर्यंत

आता मूळ प्रश्नाकडे. एलेगन्सवर कळलेले किती मूळगाठ सूत्रकृमीला लागू पडते?

२००८मध्ये मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटाचा जीनोम वाचला गेला, आणि तुलना करता दोन गोष्टी पुढे आल्या. संदेशांच्या साखळ्या, म्हणजे पीएमके-१ ज्या कुळातला आहे ती साखळी किंवा इन्शुलिनसदृश मार्ग, दोन्ही कृमींत आहेत. साखळीच्या शेवटी लढणारी हत्यारे मात्र मूळगाठ सूत्रकृमीत फार कमी. एलेगन्समधले जिवाणूविरोधी आणि बुरशीविरोधी पेप्टाइडांचे काही वर्ग त्यात सापडलेच नाहीत. निर्विषीकरण करणारी विकरेही कमी. याचा एक अर्थ असा लावला जातो, की आयुष्याचा मोठा भाग मुळाच्या आत सुरक्षित काढणाऱ्या प्राण्याला इतक्या हत्यारांची गरज उरली नाही. दुसरा अर्थ असा, की त्याची हत्यारे वेगळी आहेत आणि एलेगन्सचा साचा लावल्यामुळे ती आपल्याला दिसत नाहीत. आजचा पुरावा दोघांपैकी कुणालाही पुरता पाठिंबा देत नाही.

वारशाच्या बाबतीत फरक आणखी खोल आहे. पिवी-आरएनएची यंत्रणा एलेगन्सच्या शाखेत आहे, पण सूत्रकृमींच्या इतर अनेक शाखांनी ती गमावली, असे पीटर सार्कीज आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये दाखवले. मूळगाठ सूत्रकृमी अशाच शाखेतला. मर्फी यांचा निष्कर्ष पूर्ण खरा ठरला तरी त्यांनी सांगितलेला मार्ग इथे जसाच्या तसा चालणार नाही.

जिथे दोन्ही कृमी एकत्र तपासले गेले, तिथे हाताला काही लागले आहे. झेंडूचे उदाहरण घ्या. झेंडू लावल्याने सूत्रकृमी कमी होतात हे शेतकऱ्यांना आणि कृषी विद्यापीठांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. झेंडूच्या मुळांत अल्फा-टर्थायनिल हे संयुग असते. २०१९मधल्या एका अभ्यासात ते एलेगन्सच्या कातडीतून आत शिरताना दिसले, आणि तिथे ऑक्सिडीकरणाच्या ताणाविरुद्ध काम करणाऱ्या दोन विकरांची जनुके चालू झाली. मूळगाठ सूत्रकृमीच्या अळ्याही या संयुगाने मेल्या. निर्विषीकरणाची विकरे मुळातच कमी असलेल्या कृमीला हे विष अधिक जड जात असेल, हा तर्क मोहक आहे. पण तो अजून तर्कच आहे.

दुसरा मार्ग जनुके गप्प करण्याचा. मूळगाठ सूत्रकृमी मुळात शिरला की लाळग्रंथींतली जनुके चालू करतो आणि त्यांच्या प्रथिनांनी झाडाच्या पेशींना अवाढव्य करून त्यांतून अन्न शोषतो. २००६मध्ये अशाच १६डी१० या जनुकाविरुद्धचा दुपदरी आरएनए रोपातच बनवून प्रतिकार मिळवला गेला. २०१३मध्ये नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत उमा राव यांच्या गटाने तंबाखूच्या रोपांत कृमीच्या दोन चेतापेप्टाइड जनुकांवर हाच उपाय करून गाठी कमी केल्या. डाळिंबासारख्या फळझाडात हे आणायचे तर तांत्रिक अडचणी आहेत आणि जनुकीय बदल केलेल्या पिकांबाबतचे धोरणात्मक प्रश्नही आहेत.

काय ठरले, काय उरले

ठरलेल्या गोष्टी अशा. ताण आणि संसर्ग यांना कृमी देत असलेली उत्तरे वेगळी असली तरी एकमेकांत गुंतलेली आहेत. चेतासंस्था त्यात भाग घेते. एक संरक्षण वाढवले की वाढ, आयुष्य किंवा दुसरे संरक्षण कमी होते. आणि एखाद्या जनुकाच्या प्रती वाढल्या म्हणून ते जनुक कृमीला वाचवतेच असे नाही. यादीतली बरीच जनुके एकेकटी बंद केली तर काही फरक पडत नाही.

न ठरलेल्यांत आपल्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न एकत्र ताणांचा आहे. प्रयोगशाळेत उष्णता वेगळी, कोरडेपणा वेगळा, बुरशी वेगळी तपासली जाते. सोलापूरच्या जमिनीत ती एकदम येतात. त्यातही ठिबकखालची ओली माती आणि ओळींमधली कोरडी माती यांत हातभर अंतरावर दोन वेगळी जगे असतात. झाडाचीही बाजू आहे. टोमॅटोतले एमआय-१ हे प्रतिकारक जनुक मातीचे तापमान २८ अंशांच्या वर गेले की निष्प्रभ होते. म्हणजे उष्णता कृमी आणि झाड या दोघांचीही जनुके बदलते, आणि शेवटचा निकाल त्या दोन बदलांच्या वजाबाकीवर ठरतो.

याच मातीत एक ठोस काम करता येण्यासारखे आहे. ताणावर सोडलेल्या बागेतल्या आणि पाणी चालू असलेल्या बागेतल्या अळ्या व अंडी गोळा करून त्यांच्या आरएनएची तुलना करायची. पर्प्युरिओसिलियमसारखी जैविक बुरशी ताणाच्या आधी, ताणात आणि ताण तोडल्यावर अशी तीन वेळा देऊन कृमी कोणत्या वेळी सर्वांत हतबल असतो ते पाहायचे. सोलापूरला २००५पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवरच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचे केंद्र आहे. जनुके वाचण्याचा खर्चही दशकभरात खूप उतरला आहे. आज जैविक बुरशी कधी द्यायची याचा सल्ला बागेच्या वेळापत्रकावरून दिला जातो. तो कृमीच्या अवस्थेवरून देता आला, तर एवढ्या वर्षांच्या मूलभूत संशोधनाचा हिशेब केमच्या बागायतदारालाही पटेल.